ब्रागांझाचा घाट आणि मिठाचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की दूधसागराचे छायाचित्र वृत्तपत्रांत आणि प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत दिसू लागते. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा प्रवाह, त्याला आडवा गेलेला पूल आणि पुलावरून संथपणे सरकणारी आगगाडी. २०१३ साली ‘चेन्नई एक्सप्रेस’ या हिंदी चित्रपटाने हे दृश्य घराघरांत पोहोचविले आणि कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे सव्वीस किलोमीटरांचा घाटमार्ग देशातील एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसला. जुलै २०२३ मध्ये मनाई मोडून रुळांवरून धबधब्याकडे निघालेल्या हौशी तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या, इतकी तेथे झुंबड उडाली होती.

या घाटमार्गाचे नाव ‘ब्रागांझा घाट’. पर्यटनाच्या व्यवहारात हे नाव मोठ्या कौतुकाने उच्चारले जाते. त्यात सातासमुद्रापलीकडच्या राजवैभवाचा वास आहे, आणि वास चांगला विकला जातो. या मार्गाला ‘ऐतिहासिक वारसा’ म्हणण्याची प्रथाही आता रूढ झाली आहे. धबधबा पाहावयास जाणाऱ्यांविषयी आमची काही तक्रार नाही. कष्टाच्या पैशातून दोन दिवस आनंदाचे काढण्याचा अधिकार सर्वांना आहे. आमचा आक्षेप ‘वारसा’ या शब्दाच्या अशा वापराला आहे. वारसा म्हटला की मालमत्तेबरोबर देणीही येतात. येथे मालमत्तेचे प्रदर्शन मांडले जाते आणि देण्यांची वही मात्र कोणी उघडत नाही. ती वही उघडणे हे या लेखाचे प्रयोजन होय.

नाव कोणाचे?

ब्रागांझा हे पोर्तुगालचे राजघराणे. उत्तर पोर्तुगालमधील एका गावावरून त्याला हे नाव पडले. १६४० पासून १९१० पर्यंत या घराण्याने राज्य केले. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगीज जनतेने राजेशाही संपवून प्रजासत्ताक स्थापन केले आणि ब्रागांझा राजाला देश सोडावा लागला. ज्या घराण्याला त्याच्या स्वतःच्या प्रजेने निरोप दिला, त्याचे नाव सह्याद्रीच्या कड्यावर मात्र अद्याप शाबूत आहे.

घाटाच्या माथ्यावरील स्थानकाचे नाव कॅसलरॉक, ते इंग्रजी. मधल्या धबधब्याचे नाव दूधसागर. ते आपल्या लोकांचे. एका घाटात ही तीन नावे आहेत आणि ती योगायोगाने एकत्र आलेली नाहीत. पोर्तुगीज राजाने भूमी आणि हमी दिली, इंग्रजांनी भांडवल आणि अटी दिल्या, येथील माणसांनी श्रम आणि कर दिले. पहिल्या दोघांची नावे स्थानकावर आणि घाटावर चढली. तिसऱ्याच्या वाट्याला धबधबा आला, तोही रेल्वेच्या आधीपासून त्याचाच होता म्हणून.

करार आणि मीठ

या रेल्वेचा जन्म २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज करारात आहे. १८८० च्या जानेवारीपासून बारा वर्षांसाठी तो अमलात आला. वरवर पाहता तो दोन मित्रराष्ट्रांमधील व्यापारी करार होता. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकात उठवावयाची आणि मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधावयाची, ही त्यातील आकर्षक कलमे. परंतु कराराचा आत्मा मिठात होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. गोव्यात तसा कर नव्हता आणि तेथील मिठागरांचे मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर जात असे. बैल धान्य घेऊन उतरत आणि मीठ घेऊन चढत. हा शेकडो वर्षांचा व्यवहार इंग्रजांच्या करवसुलीस छिद्र पाडणारा होता. ते छिद्र बुजविण्यासाठी इंग्रज सरकारने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवरच नियंत्रण मिळविले. त्याचा मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये द्यावयाचे ठरले. अनेक मिठागरे बंद करण्यात आली. अबकारीची ब्रिटिश पद्धतही गोव्यात आली आणि माडावर चढून पोट भरणारा माणूस नव्या कराच्या जाळ्यात सापडला. एक गोळीही न झाडता गोव्याच्या गरिबाच्या ताटातील मिठावर आणि त्याच्या माडावर इंग्रज सत्ता बसली, आणि त्यासाठी लिस्बनच्या राजाने सही केली.

रेल्वेचे अर्थकारण या चार लाखांशी बांधलेले होते. १८८१ साली लंडनच्या भांडवलदारांच्या ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ कंपनीशी पोर्तुगीज सरकारने करार केला आणि भांडवलावर किमान पाच टक्के परताव्याची हमी दिली. ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. १८४९ पासून ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांना पाच टक्क्यांची अशीच हमी मिळत होती. दादाभाई नौरोजींनी आणि आपल्या महाराष्ट्रातील गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रेल्वेच्या या अर्थव्यवहाराची चिकित्सा फार पूर्वी केली आहे. गाडी भरून जावो की रिकामी जावो, लंडनच्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणार. तूट आली तर ती कर भरणाऱ्या रयतेने सोसावयाची. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक, असे हे तत्त्व आहे. आज त्याला नवी गोंडस नावे मिळाली आहेत. तत्त्व बदललेले नाही.

यात चलनाचीही एक मेख होती. हमी पौंडांत, महसूल रुपयांत. १८८० च्या सुमारास एका रुपयाचे वीस पेन्स येत, म्हणजे हजार पौंड देण्यासाठी बारा हजार रुपये पुरत. पुढे चांदीचा भाव घसरत गेला आणि १८९३ च्या सुमारास रुपयाचे जेमतेम पंधरा पेन्स उरले. त्याच हजार पौंडांसाठी आता सोळा हजार रुपये मोजावे लागू लागले. कंपनीने एक रूळही वाढविला नाही, तरी तिचे देणे रुपयांच्या हिशेबाने तृतीयांशाने वाढले. ज्याने वाढीव रक्कम भरली त्याने लंडनचा बाजार कधी पाहिलाही नव्हता.

मुरगावपासूनचा मार्ग १८८७ मध्ये काही अंतरापर्यंत आणि १८८८ मध्ये कॅसलरॉकपर्यंत सुरू झाला. वरच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वे येऊन त्यास मिळाली. अवघ्या चार वर्षांनी, जानेवारी १८९२ मध्ये, कराराची मुदत संपली आणि इंग्रजांनी तो पुढे चालविला नाही. चार लाख बंद झाले आणि जकातीच्या चौक्या परत आल्या. एका बाजूस कॅसलरॉक आणि दुसऱ्या बाजूस कुळे येथे प्रवाशांची गाठोडी सोडून पाहिली जाऊ लागली. दरम्यान सदर्न मराठा रेल्वे पुण्याकडे जोडली गेली होती आणि दक्षिण महाराष्ट्राचा माल मुंबईकडे ओढला जाऊ लागला होता. मुरगावला जे बंदर होण्याचे स्वप्न दाखविले गेले, ते अपुरेच राहिले. हमीचे ओझे मात्र गोव्याच्या खजिन्यावर पुरते बसले. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने गाड्या चालविण्याचे कामही सदर्न मराठा रेल्वेकडे सोपविले.

या घाटाच्या बांधणीत तांत्रिक कौशल्य नव्हते असे कोण म्हणेल? सदतीस फुटांस एक फूट असा चढ, एकामागून एक बोगदे, अरण्य आणि कोसळता पाऊस. हे काम थोरच आहे. परंतु ते ज्यांच्या हातांनी झाले त्यांच्यापैकी एकाचेही नाव या घाटाला मिळालेले नाही.

वेंगुर्ल्याने काय गमावले?

हा गोव्याचा प्रश्न आहे, सिंधुदुर्गातील वाचकाने त्याची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. वेंगुर्ल्याचे बंदर पाहावे म्हणजे उत्तर मिळेल. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिची पडकी इमारत आजही उभी आहे. १८१२ साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. आधी रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटाने ते बेळगावशी जोडलेले होते. बेळगावच्या छावणीचे सामान येथे उतरे आणि देशावरचा माल येथून गलबतांत चढे. १८७६ साली येथे नगरपालिका स्थापन झाली ती या व्यापाराच्या बळावर. गाडीवान, हमाल, खलाशी, अडत्ये यांचा हा गाव होता.

१८८८ मध्ये लोंढा आणि कॅसलरॉकमार्गे आगगाडी समुद्रास भिडली आणि बेळगावचा माल आंबोलीच्या घाटाकडे पाठ फिरवू लागला. बैलगाडीने वाफेशी स्पर्धा करावी हे शक्य नव्हते आणि तशी अपेक्षाही कोणी करणार नाही. प्रश्न असा की, व्यापार कोणत्या बंदरातून जावा हा निर्णय वेंगुर्ल्याच्या, बेळगावच्या किंवा मडगावच्या कोणत्या माणसास विचारून घेतला गेला? तो लिस्बन आणि लंडन येथे घेतला गेला. एका बंदराचा व्यवसाय काढून घेतला, दुसऱ्याला कर्जात लोटले आणि अखेर दोघांचाही माल मुंबईकडे वळला. वेंगुर्ल्याच्या गाडीवानाच्या आणि हमालाच्या पुढच्या पिढ्या गिरणगावाच्या चाळीत का गेल्या, याची अनेक कारणे आहेत; त्यांतील एक या घाटात आहे. कोकणी माणसाला आळशी ठरवून विनोद करणाऱ्यांनी हे कारण कधी तपासलेले दिसत नाही.

मिठाचा धागाही येथे येऊन पोहोचतो. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. सत्याग्रहींनी मिठागरांत शिरून मूठभर मीठ उचलले आणि लाठ्या खाल्ल्या. गोव्याच्या मिठावर १८८० मध्ये जो हात पडला आणि शिरोड्याच्या मिठावर १९३० मध्ये जो हात होता, तो एकाच सत्तेचा होता. दोन ठिकाणांमध्ये तेरेखोलची एक खाडी काय ती आहे.

कुळे स्थानकावरील अटक

आता ज्याला खरा वारसा म्हणता येईल त्याकडे वळू. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली आणि गोव्याच्या नागरी स्वातंत्र्याच्या लढ्याला तोंड फोडले. पोर्तुगीज सरकारने त्यांना हद्दीबाहेर घालविले. सप्टेंबरच्या अखेरीस डॉक्टर पुन्हा गोव्यात आले ते याच रेल्वेने, आणि त्यांना अटक झाली ती कुळे स्थानकावर. तेथून त्यांना आग्वादच्या किल्ल्यात नेऊन डांबले. आज धबधबा पाहावयास जाणारे हजारो लोक ज्या कुळे स्थानकावर उतरून जीपगाड्यांच्या रांगेत उभे राहतात, ते हे स्थानक. त्या रांगेतील किती जणांना हे ठाऊक असते?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींनी गोव्याच्या सीमा ओलांडल्या. त्यांतील काही तुकड्या कॅसलरॉकच्या बाजूने रेल्वेमार्गाने शिरल्या. सालाझारच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी निरनिराळ्या ठिकाणी मिळून विसांहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्यानंतर या मार्गावरील सीमेपारची वाहतूक थांबली, ती १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत. ज्या बोगद्यांतून बाहेर पडताच प्रवासी धबधब्यासाठी छायायंत्र सरसावतात, त्या मार्गाचा हाही इतिहास आहे.

येथे ‘ब्रागांझा’ या नावाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. ज्या १८७८ साली तो करार झाला, त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म झाला. चांदर गावच्या या निर्भीड पत्रकाराने जुलै १९३० मध्ये गोव्याच्या विधिमंडळात सालाझारच्या वसाहतविषयक कायद्याविरुद्ध उभे राहून गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. शिरोड्याच्या सत्याग्रहानंतर जेमतेम दोन महिन्यांनी ही घटना घडली. चांदरचेच त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. राजघराण्याचे नाव धर्मांतराच्या ओघात गोमंतकीय कुटुंबांकडे आले आणि त्याच नावाच्या माणसांनी त्या साम्राज्याला आव्हान दिले. एकाच नावाचे हे दोन वारसे आहेत. पर्यटनाचा धंदा त्यांतील राजाचा तेवढा उचलतो.

म्हणूनच घाटाचे नाव पुसा, अशी आमची मागणी नाही. नावे पुसण्याचा जो उद्योग देशात जोरात चालू आहे, त्याने भुकेल्याला भाकरी मिळालेली नाही आणि इतिहासाचे ज्ञानही वाढलेले नाही. एक समाज दुसऱ्याविरुद्ध उभा करण्यास तो सोयीचा, एवढेच. नाव राहू द्या. मात्र कुळे आणि कॅसलरॉक येथे ठळक अक्षरांत लिहा की, हा घाट कोणत्या कराराने झाला, त्याचे व्याज कोणाच्या मिठातून गेले, येथे लोहियांना केव्हा पकडले आणि ब्रागांझा म्हटले की राजाबरोबर मिनेझिस ब्रागांझा आणि कुन्हा यांनाही का आठवावे. मराठी, कोकणी आणि कन्नड या तिन्ही भाषांत लिहा.

काचेचे छत आणि दोन इंचांचा फोम

हा केवळ भूतकाळाचा वाद असता तर एवढी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. घाटावर आजही तोच प्रश्न उभा आहे. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे नेण्यासाठी या मार्गाच्या दुपदरीकरणाची योजना पुढे आली. त्यासाठी मोले येथील अभयारण्याचा बळी जाणार होता. गोव्यातील तरुणांनी, शेतकऱ्यांनी, मच्छीमारांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द ठरविली. एका बाजूने ‘निसर्ग आणि वारसा’ म्हणून तिकिटे विकावयाची आणि दुसऱ्या बाजूने त्याच डोंगरातून कोळशासाठी दुसरा मार्ग काढावयाचा, या दोन गोष्टींत विसंगती आहे असे वाटेल. ती नाही. दोन्ही ठिकाणी डोंगर हा विकावयाचा माल आहे आणि निर्णय घेणारा त्या डोंगरात राहत नाही.

यावर असे सांगितले जाते की, पर्यटनाने रोजगार मिळतो. मिळतो, हे मान्य आहे. कुळ्याचा जीपवाला आणि चहावाला त्यावर जगतो आणि त्याचा धंदा टिकला पाहिजे. परंतु रेल्वे ही प्रथम प्रवाशाची असते, प्रेक्षकाची नंतर. कोकण रेल्वेवर २०१७ पासून काचेच्या छताचा डबा धावू लागला. त्याच मार्गावरील दादर-रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटणे बंद होऊन तिचा आरंभ दिव्यास नेण्यात आला. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी दारात लोंबकळत येतो. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ साली थाटात झाले; पुरते टर्मिनस अजून झालेले नाही. त्यास प्रा. मधु दंडवते यांचे नाव द्यावे ही प्रवाशांची मागणी योग्यच आहे. परंतु तेथून गाड्या सुटल्या नाहीत तर ते नाव हा गौरव ठरणार नाही. २०२५ साली कोकण रेल्वे महामंडळाच्या विलीनीकरणास संमती देताना ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, अशी अट महाराष्ट्र शासनाने घातली. नाव राहिले, पण पॅसेंजर गाड्या वाढतील, भाडी आवाक्यात राहतील, अशी अट कोणी घातली?

रेल्वेचा समाजवादी वारसा आपल्याला शोधावयास दूर जावे लागत नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून १९७१ पर्यंत राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून कोकणाच्या उपेक्षेचा प्रश्न संसदेत सतत जागता ठेवला. त्यांच्यामागून त्याच मतदारसंघातून निवडून गेलेले दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी मार खाल्लेला होता. मंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचे धोरण आणले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वर्गविरहित गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. पुढे १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. १८८१ च्या कंपनीला लंडनच्या भागधारकाची काळजी होती. दोन इंचांच्या फोममागे रात्रभर बसून प्रवास करणाऱ्या माणसाच्या पाठीची काळजी होती.

तेव्हा वारशाचे जतन करावयाचेच असेल तर कसोटी साधी आहे. ज्यांच्या मिठातून आणि घामातून हा मार्ग उभा राहिला, त्यांच्या नातवंडांना त्यावरून स्वस्त, सुरक्षित आणि सन्मानाचा प्रवास मिळतो काय? घाटाचे अरण्य विकण्यापूर्वी त्यांना विचारले जाते काय? या दोन प्रश्नांची होकारार्थी उत्तरे मिळाली, तर राजाचे नाव घाटावर खुशाल असू द्यावे. ती मिळत नाहीत तोवर १८७८ चा करार संपला असे मानण्यास आधार नाही.